तारेची भाषा

मुलांनो, उर्दू तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. मराठी शब्द कोणी उलट्या बाजूने वाचू लागला, तर त्याला काय कळेल? लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नियम एकच असावे लागतात. यंत्रांचेही तसेच आहे. तारायंत्रासाठी असे नियम बसवणाऱ्या सॅम्युएल मोर्स यांची ही हकिकत.

मोर्स यांचा जन्म १७९१ साली अमेरिकेत झाला. ते व्यवसायाने चित्रकार होते. १८२५ मध्ये ते वॉशिंग्टनला चित्राच्या कामात असताना दूर गावी त्यांची पत्नी वारली. टपालाने बातमी यायला काही दिवस गेले. ते घरी पोहोचले, तेव्हा दफन होऊन गेले होते. या दुःखातूनच तारायंत्र जन्मले, असे पुष्कळजण सांगतात. पण ती कल्पना त्यांना सुचली सात वर्षांनी, युरोपातून परतताना जहाजावर. वीज तारेतून क्षणात दूर जाते, असे एका सहप्रवाशाने त्यांना सांगितले होते.

पण वीज काही बोलत नाही! तारेत ती एक तर असते, नाहीतर नसते. एवढ्यावरून शब्द कसा ओळखायचा? मोर्स यांनी आधी शब्दांना अंक दिले. त्यासाठी जाडजूड कोश जवळ बाळगावा लागे. मग अक्षरांसाठी टिंब आणि रेघ अशा खुणा ठरल्या. इंग्रजीत 'ई' हे अक्षर फार वेळा येते, म्हणून त्याला एकच टिंब. दोन टिंबे म्हणजे 'आय'. तेव्हा अक्षरांमध्ये किती थांबायचे, हेही ठरवावे लागले. नाहीतर दोन 'ई' मिळून 'आय' झाला असता. या कामात अल्फ्रेड व्हेल या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता, पण नाव राहिले ते मोर्स यांचेच.

सरकारकडून ३०,००० डॉलर मिळायला १८४३ साल उजाडले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून सुमारे ४० मैलांवरील बाल्टिमोरला संदेश पोहोचला.

युरोपात मात्र प्रत्येक देशाचे नियम निराळे. सीमेवर संदेश कागदावर उतरवून पलीकडच्या माणसाच्या हाती द्यावा लागे. अखेर १८६५ मध्ये पॅरिसला २० देशांनी समान नियम मान्य केले. मोर्स १८७२ मध्ये वारले.

आज संगणक एकमेकांना शून्य आणि एक या खुणांनी माहिती पाठवतात. संदेश कोठे सुरू होतो, कोठे संपतो, वाटेत तुकडा हरवला तर काय करायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. पॅरिसला स्थापन झालेली ती संघटना आता संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे आणि असे नियम ठरवण्याचे काम अजूनही करते.