पत्रांच्या बळावर राज्य राखणारे नाना फडणवीस

पुणे दरबाराचे कारभारी नाना फडणवीस यांची १३ मार्च ही पुण्यतिथी. इ.स. १८०० मध्ये याच दिवशी त्यांचे पुण्यात निधन झाले. रणांगण गाजविणारा वीर अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती. तरीही घरातील बंडे आणि परकीयांची चढाई या दोन्ही संकटांतून त्यांनी सुमारे पाव शतक पेशवाई सावरून धरली, ती प्रामुख्याने पत्रव्यवहाराच्या बळावर.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. फडणिशी घराण्यातच होती. १७६१ मध्ये पानिपतच्या संहारातून ते कसेबसे बचावले. आई मात्र कायमची दुरावली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानाचे सूत्रधार नाना होते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार सुरू झाला. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे इंग्रजांशी तह केला. घरचे बंड आणि परकी आक्रमण एकत्र आले ते येथेच.

त्यातच पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणारा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

या साऱ्या काळात दिल्ली, हैदराबाद, मुंबई, श्रीरंगपट्टण येथून वकिलांची पत्रे आणि बातमीदारांचे अखबार पुण्याला येत. जासूद आणि सांडणीस्वार ती पोहोचवीत. निजामाच्या दरबारातील वकील गोविंदराव काळे तर तेथील हालचाली सविस्तर कळवीत असत. इंग्रजांना शह देण्यासाठी नानांनी फ्रेंच वकील सेंट ल्युबिन याचा पुण्यात सत्कार केला. वडगाव येथे जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज कोंडली गेली. पुढे हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणण्याचा डाव नानांनी पत्रांतूनच मांडला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला.

मराठवाड्याच्या दृष्टीने नानांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई. थकलेल्या चौथाईच्या वादातून उद्भवलेल्या या युद्धात निजामाचा पराभव झाला. गुलमंडीपासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर असलेला दौलताबादचा किल्ला तहात मराठ्यांना देण्याचे ठरले. निजामाचे दिवाण मुशीर-उल-मुल्क यांनाही पुण्यास ओलीस यावे लागले.

हे वैभव आठ महिनेही टिकले नाही. नानांच्या कडक देखरेखीखाली वाढलेले सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून मरण पावले. राज्याच्या टोकापर्यंतची खबर ठेवणाऱ्या कारभाऱ्याला त्याच वाड्यातील तरुण पेशव्याच्या मनाचा ठाव लागला नाही. वारसाच्या झगड्यात महाडला आश्रय घ्यावा लागलेल्या नानांनी १७९६ मध्ये निजामाची मदत मिळविण्यासाठी खर्ड्यात मिळविलेला मुलूख परत देण्याचे मान्य केले. ज्या विजयासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, त्याचे मोल अशा रीतीने स्वतःच्या बचावासाठी मोजावे लागले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या सरदाराने त्यांना कैद केले. काही महिने ते अहमदनगरच्या किल्ल्यात होते.

सुटकेनंतर ते पुन्हा कारभारात आले; पण पूर्वीची पकड राहिली नव्हती. सगळी सूत्रे एकाच हाती एकवटल्याने ती पेलणारा दुसरा माणूस तयारच झाला नाही. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांच्या आतच, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. जे टाळण्यासाठी नानांनी आयुष्यभर लेखणी झिजविली, नेमके तेच घडले. वाईजवळच्या मेणवलीतील त्यांच्या वाड्यात जतन झालेले दप्तर त्या प्रदीर्घ धडपडीची साक्ष देते.