इराणच्या जरथुष्ट्री प्रजेचे कैवारी : माणेकजी लिमजी हातरिया

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत परधर्मीय पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचक विचारतील. ज्ञातिकार्य कशास म्हणावे याचा धडा जेथे मिळेल तेथून घ्यावा, एवढेच माझे उत्तर आहे.

माणेकजींचा जन्म १८१३ साली सुरतेजवळील मोरा सुमाली या गावी एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंब पुढे मुंबईस आले. पंधराव्या वर्षापासून ते स्वकष्टाने पोट भरू लागले आणि व्यापाराच्या निमित्ताने सिंध प्रांतापर्यंत फिरले.

त्या काळी इराणात उरलेल्या जरथुष्ट्री लोकांची दशा शोचनीय होती. यझ्द व किरमान या प्रांतांत मिळून त्यांची संख्या सात-आठ हजारांपलीकडे नव्हती. त्यांना घोड्यावर बसण्याची मनाई होती; गाढवावर बसावे, आणि वाटेत मुसलमान भेटल्यास खाली उतरावे. त्यांनी उंच घर बांधू नये, चांगले रंगीत वस्त्र नेसू नये. घरातील एकाने धर्म बदलला की सर्व वारसा त्याच्याकडे जाई, आणि भावंडे उघडी पडत. या सर्वांवर जिझिया कर होता. सरकारात ठरलेली रक्कम मधल्या अंमलदारांच्या हातून जाता जाता फुगत असे, आणि ज्यास ती देणे जमत नसे त्यास फटके खावे लागत.

या छळाला कंटाळून कित्येक कुटुंबे मुंबईस पळून आली. त्यांपैकीच एक गुलिस्तानबानू. मुंबईतील फ्रामजी भिकाजी पांडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र मेहेरवानजी यांच्या पुढाकाराने १८५४ साली इराणातील धर्मबांधवांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले, आणि मंडळाने माणेकजींना प्रतिनिधी नेमले. त्याच वर्षी मार्चअखेर त्यांनी मुंबई सोडली.

तेथे पोहोचल्यावर त्यांनी प्रथम गावोगाव हिंडून माणसे मोजली. किती घरे, किती माणसे, कराचा बोजा किती, हे सारे कागदावर आणले. चाळीस वर्षे मुलांकडून अर्ज लिहून घेतलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास याचे विशेष कौतुक वाटते, कारण नुसत्या विलापाने भरलेला अर्ज दप्तरात पडून राहतो. त्या अभागी प्रजेचे गाऱ्हाणे तेहरानपर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. माणेकजी मात्र इंग्रज सरकारचे प्रजाजन असल्यामुळे इंग्रज वकिलातीचे दार त्यांना उघडे होते. इंग्रज वकील सर हेन्री रॉलिन्सन यांच्या मध्यस्थीने त्यांना शाह नासिरुद्दीन यांची भेट मिळाली. एवढ्या खटपटीचे फळ काय, तर ९२० तुमान करातून १०० तुमानांची सूट!

दुसरा कोणी असता तर परतला असता. माणेकजींनी अर्ज चालूच ठेवले. १८७३ साली शाह लंडनला गेले असता तेथील पारशी मंडळींनीही त्यांना निवेदन दिले. त्यांत आपले दादाभाई नौरोजी होते. दरम्यान गरिबांचा कर मुंबईच्या फंडातून भरला जाई; त्यापायी एकंदर लाखभर रुपये खर्ची पडले. कर रद्द व्हावा म्हणून झगडायचे आणि तो रद्द होईपर्यंत दरसाल मुकाट्याने भरायचा, ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाही.

शिवाय माणेकजींनी यझ्द व किरमान येथे शाळा काढल्या, तेहरानात मुलांसाठी वसतिगृहयुक्त शाळा चालविली, अग्निमंदिरांची डागडुजी केली, दख्मे बांधले, निर्धन मुलींचे विवाह लावून दिले. स्वजनांचा विरोधही त्यांना सोसावा लागला. तीर्थस्थानी गाय बळी देण्याची चाल बंद करा, असे त्यांनी सांगितले, तेव्हा ते पुष्कळांना रुचले नाही.

अखेर १८८२ च्या ऑगस्ट महिन्यात शाहांनी फर्मान काढून जरथुष्ट्री प्रजेवरील जिझिया रद्द केला. मुंबई सोडल्यापासून अठ्ठावीस वर्षे लोटली होती आणि माणेकजी एकोणसत्तर वर्षांचे झाले होते. इतर जाचक निर्बंध मात्र एका फर्मानाने गेले नाहीत. म्हणून तेही मुंबईस परतले नाहीत. १५ फेब्रुवारी १८९० रोजी तेहरानातच त्यांचा देहान्त झाला, आणि मंडळाने त्यांच्या जागी दुसरा प्रतिनिधी धाडला. यझ्दबाहेरील टेकडीवर त्यांच्या नावाचा दख्मा आजही उभा आहे.