समजून घ्या : जुन्या कॅराव्हॅनच्या ‘पायां’त काय दडलंय? नवलमल फिरोदियांची गोष्ट

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडा घेणारा जाणकार झूल पाहत नाही. तो आधी पाय पाहतो, मग चाल पाहतो. जुनी आलिशान कॅराव्हॅन, म्हणजे फिरते घर घेतानाही हाच नियम लागू होतो. आतला पलंग, एसी, टीव्ही ही झाली झूल. पाय म्हणजे चासी आणि चाल म्हणजे सस्पेन्शन. महाराष्ट्रात अशा अनेक गाड्या ‘ट्रॅव्हलर’वर बांधलेल्या असतात. तिच्या मुळाशी एका मराठी मुलखातल्या उद्योजकाचे काम आहे.

कोण होते फिरोदिया?

नवलमल फिरोदिया (१९१०-१९९७) अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या घराण्यातले. वडील कुंदनमल हे वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. नवलमल यांनी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला, तुरुंगवासही भोगला.

माणसाने माणसाला ओढायचे, ही हातरिक्षाची पद्धत त्यांना खुपत होती. इटलीतल्या तीनचाकी मालवाहू गाडीवरून त्यांना ऑटोरिक्षाची कल्पना सुचली. १९४८ मध्ये त्यांनी ती मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. पुढे पुण्याच्या रस्त्यावर ऑटोरिक्षा धावू लागली.

‘टेम्पो’ हा शब्द कुठून आला?

१९५८ मध्ये जर्मनीतील ‘टेम्पो’ गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी राहिली. तिची तीनचाकी गावोगावी पोहोचली आणि ‘टेम्पो’ हे कंपनीचे नाव न राहता मालवाहू गाडीचेच नाव झाले. हीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते.

मॅटाडोर वेगळी का होती?

१९६९ मध्ये मॅटाडोर आली. तिचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवत असे. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नव्हता. मधला शाफ्ट नसला की गाडीचा तळ खाली ठेवता येतो. चढ-उतार सोपा होतो, आत जागा वाढते आणि वजन जमिनीजवळ राहते. जगभरच्या अनेक मोटारहोममध्ये आजही याच कारणासाठी पुढच्या चाकांची ओढ पसंत करतात. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, वऱ्हाडाची गाडी अशा सगळ्या कामांना मॅटाडोर लागली.

ट्रॅव्हलर आणि अर्बेनिया यांत फरक काय?

१९८० च्या दशकात, नवलमल यांच्या हयातीतच, मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. तिची ताकद मागच्या चाकांना जाते आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंग असतात. पाटे ओझे छान पेलतात, पण गाडी रिकामी असली की धक्के देतात. कंपनीची नवी अर्बेनिया मोनोकॉक आहे, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच. अशा गाडीची चाल सहसा अधिक मऊ असते. मात्र तिची बॉडी कापून खिडक्या-दारे केली असतील, तर मजबुतीवरच घाव बसतो.

जुनी घेताना काय पाहाल?

● पाटे : कॅराव्हॅनवर ओझे कायम असते. २०० लिटरची पाण्याची टाकी भरली की २०० किलो वाढतात. पाटे सपाट झालेत का, गाडी एका बाजूला झुकते का, हे पाहा.
● मागचा भाग : मागच्या चाकांच्याही मागे टाकी, जनरेटर, सामान लादले असेल, तर गाडी डोलते आणि स्टिअरिंग हलके पडते.
● चासी : खालून टॉर्च मारून गंज, तडा आणि नव्याने मारलेले वेल्डिंग तपासा.
● चाल : टाकी भरून खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवा. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा उसळली, तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत असे समजा.
● टायर : नक्षी चांगली दिसली तरी बनावटीचे वर्ष वाचा. उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात.
● कागद : आरसीवर कॅराव्हॅनची नोंद आहे का? प्रवासी गाडीत परवानगीशिवाय बदल केले असतील, तर विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

फिरोदियांनी गाड्या घडवल्या त्या राबणाऱ्यांसाठी. दिखाव्याआधी ओझे आणि रस्ता, हा त्या गाड्यांचा हिशेब होता. लाखो रुपये मोजून जुने फिरते घर घेणाऱ्यानेही आधी वाकून गाडीखाली पाहावे, आत नंतर शिरावे.