गांधीजींचे आकाश आणि अंगणातली दुर्बीण

सेवाग्रामच्या बापू कुटीत शिरले की आधी जाणवते ते तिथले रिकामेपण. मातीच्या भिंती, चटई, बैठे मेज आणि मोजक्याच वस्तू. इथे राहणाऱ्या गांधीजींना ताऱ्यांचा नाद होता आणि त्यांनी तुरुंगात दुर्बिणी मिळवून आकाश पाहिले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या मोहनदास गांधींनी आहार, उपवास, माती-पाण्याचे उपचार असे आरोग्याचे प्रयोग दक्षिण आफ्रिकेपासून केले. आकाशाची खरी गोडी लागली ती साठीनंतर. मिठाच्या सत्याग्रहात मे १९३० मध्ये अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले गेले. तिथे सोबतीला काकासाहेब कालेलकर होते. साताऱ्यात जन्मलेल्या, मराठी मातृभाषेच्या काकासाहेबांना तारे पाहण्याचे वेड होते.

जानेवारी १९३२ मध्ये गांधीजी पुन्हा येरवड्यात आले. सरदार पटेल आणि महादेवभाई देसाई बरोबर होते. या कैदेत त्यांचा तारांचा नाद चांगलाच वाढला. खगोलशास्त्राची पुस्तके आली, नक्षत्रांची ओळख वाढली. पुण्याच्या लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी दुर्बिणी वापरायला दिल्या. साबरमतीच्या आश्रमवासीयांसाठी त्यांनी आकाशदर्शनावर लेखनही करून पाठवले. तुरुंगाच्या भिंती क्षितिज झाकतात, पण डोक्यावरचे आकाश कुणाला झाकता येत नाही.

पुढे मुक्काम वर्ध्याला आला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम सुरू झाले. १९३५ च्या अखेरीस तिथे त्यांचा रक्तदाब वाढला आणि काम थांबवून विश्रांती घ्यावी लागली. ३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. हेच गाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. वैदर्भीय उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणे कुणाला नवे नाही. गांधीजींची उघड्यावर झोपण्याची सवय मात्र केवळ उकाड्यापुरती नव्हती.

त्यामागचा विचार त्यांनी १९४२ मध्ये मांडला. ते आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १५ ऑगस्टला तिथेच महादेवभाईंचे निधन झाले. येरवड्यात ज्यांच्यासोबत तारे पाहिले, तो माणूस गेला. त्यानंतर काही दिवसांतच गांधीजींनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहायला घेतले आणि डिसेंबरमध्ये पुरे केले. त्यात हवा, पाणी, माती यांच्याबरोबर आकाश हेही आरोग्याचे साधन म्हणून येते. आकाश म्हणजे मोकळी जागा. म्हणून घरात नको तेवढे सामान भरू नये, अंगावर गरजेपुरतेच कपडे असावेत आणि शक्य तेव्हा ताऱ्यांखाली झोपावे, थंडीवाऱ्यापुरते पांघरूण घ्यावे, असे त्यांचे सांगणे होते. कमी सामान आणि मोठे आकाश या त्यांच्या लेखी एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या.

अंगणात दुर्बीण मांडणाऱ्याला आज हाच हिशेब उपयोगी पडतो. नवी दुर्बीण आली की डोळ्याकडच्या भिंगांचा, म्हणजे आयपीसचा, अख्खा डबा घ्यावासा वाटतो. खरे तर दोन आयपीस आणि एक दुप्पट बार्लो भिंग पुरते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. सहा इंची आरशाच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर सहसा १२०० मिलिमीटर असते. तिला ३२ मिलिमीटरचा आयपीस लावला तर सुमारे ३७ पट दिसते. अख्खा चंद्र आणि कृत्तिकांचा झुबका त्यात मावतो. १२ मिलिमीटरचा लावला तर १०० पट; शनीची कडी आणि चंद्रावरची विवरे त्यात नीट पाहता येतात. बार्लो जोडले की हेच आकडे ७५ आणि २०० होतात. तीन वस्तूंत चार टप्पे मिळतात आणि त्यांत पुरेसे अंतरही राहते. दुर्बिणीबरोबर बहुधा २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस येतात. त्यांना बार्लो जोडले तर ९६ आणि १२० हे दोन टप्पे जवळजवळ सारखेच पडतात, म्हणजे एक वाया जातो.

२०० पटीच्या पुढे जाण्याची घाई नको. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते, हवा थरथरते आणि ग्रह पाण्यातल्यासारखा हलतो. विशालन वाढवले की ती थरथरही वाढते. म्हणून आधी कमी पटीचा आयपीस लावावा, हवा स्थिर वाटली तरच पुढचा.

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते परतले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. सेवाग्रामच्या कुटीत आजही सामान थोडेच आहे. पावसाळा सरला की तिच्या अंगणावर कृत्तिका उगवतात, आणि त्या पाहायला आयपीसही लागत नाही.