बाक, शेंगा आणि डिस्नेलँड

मैत्रिणींनो, सहलीला निघताना तुम्ही यादी करणाऱ्यांतल्या, की तिथे गेल्यावर बघू म्हणणाऱ्यांतल्या? मी पक्की यादीवाली. पन्हाळा असो, महाबळेश्वर असो नाहीतर अष्टविनायक, आमच्या घरच्या सगळ्या सहली आधी माझ्या वहीत व्हायच्या आणि मग रस्त्यावर. आमचे हे मात्र एसटी थांबली रे थांबली की शेंगा घ्यायला खाली! कंडक्टरने घंटी दिली तरी हे गाड्यापाशी सुट्टे पैसे मोजत उभे. आयुष्यभर माझा जीव टांगणीला लावला या माणसाने.

२००६ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं कॅलिफोर्नियाला लेकीकडे गेलो आणि तिथे मला माझ्याही वरताण माणूस भेटला. आमचे जावईबापू! डिस्नेलँडच्या एका दिवसासाठी त्यांनी संगणकावर चांगला दोन पानी तक्ता केला होता. फाटक उघडण्याआधी अर्धा तास हजर, मग कुठली राइड आधी, कुठली नंतर, जेवण किती वाजता, इतकंच काय, बाथरूमला कधी जायचं तेही. त्या वेळी फास्टपास नावाची कागदी चिठ्ठी मिळायची. यंत्रात आपलं तिकीट सारलं की अमुक वेळेला या, रांग छोटी मिळेल, असं छापून यायचं. (आता ते सगळं मोबाइलवर गेलंय आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.) या चिठ्ठ्या कोणी, कधी आणायच्या याचाही रकाना होता. गर्दी कमी म्हणून त्यांनी मुद्दाम मंगळवार निवडला होता. मी तर तक्ता बघून खूशच झाले. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि शेंगा कुठे मिळतात हे यात कुठे आहे, एवढंच विचारलं.

जायच्या आधी लेकीने मला लायब्ररीतून वॉल्ट डिस्नेचं एक चरित्र आणून दिलं होतं. मुलांसाठी लिहिलेलं, सोप्या इंग्रजीतलं. दुपारी नात झोपली की मी ते वाचत बसायची. मिकी माऊसवाला एवढीच आपली ओळख! पण हा माणूस यादीवाला की बघूवाला, हे काही मला त्या पुस्तकातून धड ठरवता येईना. पुढे आणखी दोन पुस्तकं मिळवून वाचली, तरी ठरेना.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. चार वर्षांचा असताना वडिलांनी, म्हणजे एलियस डिस्नेंनी, मिसुरी राज्यातल्या मार्सलिन या लहानशा गावाजवळ शेत घेतलं. झाडं, डुकरं, कोंबड्या, जवळून जाणारी आगगाडी. तिथली पाचेक वर्षं या मुलाला जन्मभर पुरली. डिस्नेलँडमध्ये शिरल्याबरोबर जो जुन्या वळणाचा बाजाररस्ता लागतो ना, तो त्याने मार्सलिनच्या आठवणींवरून उभा केला.

पण शेत काही टिकलं नाही. दोन थोरली मुलं घर सोडून गेली, वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आलं आणि एलियसनी वर्तमानपत्र टाकायची लाइन घेतली. ती टाकायची कोणी? तर वॉल्ट आणि त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ रॉय यांनी. पहाटे साडेतीनला उठायचं. बर्फ पडलेला असला तरी पेपर अंगणात भिरकवायचा नाही, दारापाशी नेऊन ठेवायचा, ही वडिलांची शिस्त. पगार? घरच्या पोराला कसला पगार! हे सहा वर्षं चाललं. एखाद्या इमारतीच्या उबदार जिन्यात पोरगं पेंगायचं, शाळेत डुलक्या घ्यायचं. एखादं घर टाकायचं राहिलं, अशी स्वप्नं पडून तो पुढे चाळिशी उलटल्यावरही दचकून उठत असे.

त्या पुस्तकातली एक गोष्ट माझ्या मनातून जातच नाही. श्रीमंतांच्या घरांपुढच्या ओसरीवर मुलं रात्री खेळणी टाकून झोपलेली असायची. पहाटेच्या अंधारात पेपर टाकायला आलेला वॉल्ट तिथेच बसून त्या खेळण्यांशी थोडा वेळ खेळायचा आणि जशी होती तशी ठेवून पुढच्या घराकडे पळायचा. मला विचाराल तर डिस्नेलँडचा पाया तिथे पडला. चरित्रकार काहीही म्हणोत.

सोळाव्या वर्षी जन्मतारीख खोटी लावून तो रेडक्रॉसमध्ये ड्रायव्हर झाला आणि युद्ध संपता संपता फ्रान्सला जाऊन आला. कॅन्सस सिटीत व्यंगपटांची कंपनी काढली, ती १९२३ मध्ये बुडाली. मग हॉलिवूड. तिथे रॉयबरोबर नवा स्टुडिओ. रॉय हिशेब बघणार आणि हा स्वप्नं. स्टुडिओत शाई-रंगाचं काम करायला लिलियन बाउंड्स नावाची मुलगी होती, तिच्याशी १९२५ मध्ये लग्न झालं. १९२८ मध्ये एका वितरकाने त्याचा चांगला चाललेला ससा, ऑस्वाल्ड, करारातल्या अटीच्या जोरावर काढून घेतला, बरेचसे कलाकारही फोडले. त्या धक्क्यातून मिकी माऊस जन्मला. कल्पना वॉल्टची, रेखाटन अब आयवर्क्स या सहकाऱ्याचं. आणि नाव? वॉल्टला मॉर्टिमर ठेवायचं होतं म्हणे! लिलियनला ते आवडलं नाही म्हणून मिकी. बारशाला नाव ठेवण्याचा मान बाईकडेच राहिला हे बरं झालं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९३७ चा स्नो व्हाइट, त्यापायी काढलेलं कर्ज, हॉलिवूडने केलेली टिंगल आणि मग तुडुंब गर्दी. एक मात्र सांगायला हवं. त्या चित्रपटासाठी शेकडो मुलींनी डोळ्यांत तेल घालून पारदर्शक पट्ट्यांवर रेषा गिरवल्या, रंग भरले. पण मुख्य चित्रकामाला त्या काळी तिथे बायकांना सहसा घेत नसत. मेरी ब्लेअरसारखी एखादी मागाहून पुढे आली, ती अपवाद म्हणूनच.

स्नो व्हाइटचे पैसे आले तेव्हा दोघा भावांनी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी जवळच नवं घर घेतलं. जन्मभर काटकसरीत राहिलेल्या आईला, फ्लोराला, सुख द्यायचं होतं. घर गरम ठेवणारी भट्टी नीट चालेना, गॅसचा वास येतो अशी आईची तक्रार होती. स्टुडिओतली माणसं पाठवून दुरुस्तीही करून घेतली. पण नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच गॅसने गुदमरून फ्लोरा गेली. वडील वाचले. चित्रपटाची चौकट न् चौकट तपासणारा मुलगा, आणि आईच्या घरातली भट्टी! तो याविषयी पुढे फारसं कधी बोललाच नाही.

त्याच्या दोन मुली, डायान आणि दत्तक घेतलेली शेरॉन. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली मेरी-गो-राउंडच्या घोड्यांवर आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. मुलांना मजा आणि आईबापांनी नुसतं बसून राहायचं, असं का? सगळ्यांनी मिळून खेळावं अशी जागा का नसावी? हा विचार त्या बाकावर सुचला, असं तो स्वतःच सांगत असे. बघा, शेंगा! ह्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा चेहरा काय फुलला होता.

मधल्या काळात गड्याने घराच्या आवारातच चालवता येईल अशी छोटी आगगाडी बांधली. खरी कोळशाच्या वाफेवर चालणारी. लिलियनच्या फुलांचे वाफे वाटेत येत होते, तर त्यांच्याखालून बोगदा काढला आणि घरातल्या घरात रुळांच्या हक्काचा करारनामाही केला! इंजिनाला नाव मात्र तिचंच, लिली बेल. बोगद्याची लाच म्हणा ना.

पार्कची कल्पना लिलियनला मुळीच पसंत नव्हती. तेव्हाचे असले पार्क कळकट असत. रॉयलाही धास्ती. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज उचललं, सुट्टीतलं घर विकलं. आता आखणी बघा. एका संशोधन संस्थेला पैसे देऊन, शहर पुढे कुठल्या दिशेने वाढेल याचा अभ्यास करून घेतला, आणि अॅनाहाइममधली संत्र्यांच्या बागांची १६० एकर जागा ठरली. पण सप्टेंबर १९५३ मध्ये रॉय न्यूयॉर्कला टीव्ही कंपन्यांकडे पैसे मागायला निघाला, तेव्हा दाखवायला चित्रच नव्हतं! शनिवारी सकाळी वॉल्टने हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतलं. हा बोलत गेला, तो काढत गेला, आणि दोन दिवसांत अख्ख्या डिस्नेलँडचा नकाशा तयार झाला. एबीसी या टीव्ही कंपनीने पैसे दिले. वर्षानुवर्षांचा विचार आणि शनिवार-रविवारची घाई. आता याला काय म्हणायचं?

सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून वर्षभरात काम झालं आणि १७ जुलै १९५५ ला उद्घाटन. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात झाला नसेल असा गोंधळ! बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २८ हजार माणसं, खोटी तिकिटंसुद्धा घेऊन घुसली. ऊन रणरणतं. डांबर ताजं, त्यात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतायला लागल्या. खायचं संपलं. एका भागात गॅसगळती झाली म्हणून तो बंद. प्लंबर लोकांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास, यातलं एकच वेळेत पुरं होणार होतं. वॉल्टने संडास निवडले. प्रवासात दिवस दिवस पाणी न पिता बसणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी या एका निर्णयासाठी त्याला शंभरपैकी शंभर द्यावेत. हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं, आणि निवेदकांमध्ये पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन होते. तरीही सात आठवड्यांत दहा लाख माणसं येऊन गेली.

मग वॉल्ट स्वतः पार्कात हिंडायचा, लोकांबरोबर रांगेत उभा राहायचा. होडीची फेरी ठरल्यापेक्षा लवकर संपवली म्हणून त्याने घड्याळ दाखवून कर्मचाऱ्यांना झापलं होतं. आणि लोक फुलांच्या ताटव्यातून आडवे जातात, कुंपण घालू का, असं विचारल्यावर त्याच माणसाने तिथे पायवाटच करायला लावली, असं सांगतात.

आता आमचा मंगळवार. सकाळी साडेअकरापर्यंत तक्ता घड्याळासारखा चालला. मग चार वर्षांच्या नातीला नदीकाठी बदकं दिसली. खरीखुरी, साधी बदकं! ती आणि तिचे आजोबा तिथे जे बसले ते बसलेच. चिठ्ठीची वेळ टळून गेली. जावई काही बोलले नाहीत, तक्ता घडी करून खिशात ठेवला. लेक मात्र बापावर चिडली. एवढी महागाची तिकिटं, यांनी रजा काढलेली, आणि बदकं काय गावच्या तळ्यात नाहीत? ह्यांचा चेहरा उतरला. उरलेला दिवस आम्ही सगळं पाहिलं, मेरी ब्लेअरने सजवलेली ती गाणाऱ्या बाहुल्यांची सफरसुद्धा. पण कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

रात्री मोटेलवर जावई हळूच माझ्यापाशी येऊन म्हणाले, की आईबाबा पुन्हा एवढ्या लांब कधी येणार, म्हणून त्यांचं काहीच राहू नये असं वाटत होतं. मला माझी वही आठवली. तीही मी ह्याच भीतीने लिहायची. हे मी ह्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प बसले, मग सकाळी उठून जावयांना आपणहून चहा करून दिला.

बुधवार मोकळा होता. मीच म्हटलं, ग्रिफिथ पार्कचं ते मेरी-गो-राउंड बघू या. तक्ता नको, चौकशी नको, चला! तासभर गाडी हाकून पोचलो, तर बंद. उन्हाळ्याची सुट्टी संपली की ते फक्त शनिवार-रविवारीच चालायचं! जावईबापूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, पासष्टाव्या वर्षी. सिगारेट काही सुटली नाही. फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांनी, गाजावाजा न करता सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन ठेवली होती. आदल्या रात्री दवाखान्यात पडल्या पडल्या तो छताच्या चौकोनी फरश्यांवर बोट फिरवत, कुठे काय बांधायचं ते रॉयला समजावत होता. रॉय तेव्हा निवृत्तीच्या बेतात होता. निवृत्ती पुढे ढकलून त्याने ते काम पुरं केलं, धाकट्या भावाचं पूर्ण नाव त्या जागेला दिलं, १ ऑक्टोबर १९७१ ला दारं उघडली आणि त्याच डिसेंबरात तोही गेला.

ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही. नात कॉलेजात आहे. तिला त्या सहलीतलं बदकांशिवाय काही आठवत नाही. माझ्या कपाटात तक्त्याची दोन पानं आहेत आणि बुधवारचा एक फोटो. मागे बंद मेरी-गो-राउंड, पुढे बाकावर हे, मांडीवर कागदी पुडी, आणि सालं टाकायला हात पसरून समोर उभी असलेली चिमुरडी. शेंगा ह्यांनी नेमक्या कुठून पैदा केल्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.