द्विबिंदूचे रंगनाथन

मद्रास ख्रिश्चन कॉलेज हे आपल्यासारखंच मिशनऱ्यांनी उभारलेलं कॉलेज. शियाळी रामामृत रंगनाथन तिथे गणित शिकले. १८९२ साली तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावात त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून बोलताना अडखळण्याचा त्रास होता, तरी त्यांनी पेशा निवडला तो शिकवण्याचा. आधी मंगळूर, मग कोइमतूर आणि १९२१ पासून मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज. गणित शिकवणं हेच आपलं आयुष्य, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

१९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, तेही मनाविरुद्ध. पगार बरा होता म्हणून मित्रांच्या आग्रहावरून अर्ज केला होता. मुलाखतीआधी ग्रंथालयाबद्दल त्यांनी वाचलं होतं ते ब्रिटानिका विश्वकोशातल्या एका नोंदीपुरतंच. कामावर आले तर काय, कपाटं आणि शांतता! दिवसभर कोणी फिरकत नसे. ज्या माणसाला भरलेल्या वर्गाची सवय, त्याला हे कसं सोसणार? काही दिवसांतच ते जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे परत घ्या म्हणून गेले. ठरलं असं की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यायचं, आणि त्यानंतरही मन रमलं नाही तर कॉलेजची जागा त्यांचीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांना वर्गीकरण शिकवायला बर्विक सेयर्स होते. तिकडे शंभराहून अधिक ग्रंथालयं त्यांनी पायाखाली घातली. बारकं मूल, कामगार, बाई, कोणीही आत येतं आणि पुस्तक घेऊन जातं, हे त्यांनी पाहिलं. पण बहुतेक ठिकाणी पुस्तकांना क्रमांक द्यायची रीत त्यांना खटकली. मेल्व्हिल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत विषयांची यादी आधीच तयार असते. विषय नवा निघाला, किंवा एकाच पुस्तकात तीन विषय गुंतले, की पंचाईत. कुठल्या तरी एका खणात पुस्तक कोंबायचं आणि बाकीच्या दोन वाटांनी येणाऱ्या वाचकाला रिकाम्या हाती परत पाठवायचं. गणिताच्या माणसाला हे पटणारं नव्हतं.

उत्तर सापडलं सेल्फ्रिजेस या बड्या दुकानात. तिथे मेकॅनो नावाचं खेळणं दाखवत होते. ठरावीक पट्ट्या, चाकं आणि नट-बोल्ट, आणि त्यांतूनच कधी गाडी, कधी पाळणा, कधी क्रेन. विषयही असेच जोडता येतील, हे त्यांच्या लक्षात आलं. तयार विषयांची लांबलचक यादी कशाला? विषयांचे सुटे भाग करा आणि पुस्तक समोर आलं की जोडा. बोल्ट म्हणून त्यांनी घेतली दोन टिंबं, म्हणजे द्विबिंदू. १९२५ मध्ये परत आले ते हे डोक्यात घेऊनच. प्राध्यापकी पुन्हा मागितली नाही.

हे द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली छापून निघालं. एक उदाहरण घेऊ. फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, या विषयावरचं पुस्तक. मुख्य विषय वैद्यक. मग कोणता अवयव? फुप्फुस. कोणता रोग? क्षय. काय केलं? उपचार. कशानं? क्ष-किरणांनी. पुढे हवं तर कुठे आणि केव्हा तेही जोडा. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला आपला अंक, आणि सगळे मिळून पुस्तकाचा क्रमांक. पुढे या प्रश्नांना त्यांनी पाच मूळ पैलूंत बसवलं: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. नावं तत्त्वज्ञानाच्या तासाची वाटतात खरी, पण काम अगदी कारकुनी आहे.

माझ्या मते त्यांचं खरं डोकं दिसतं ते सूचीत. १९३४ च्या त्यांच्या तालिका-संहितेतली साखळी पद्धत पाहा. क्रमांक हीच एक साखळी. तिची कडी शेवटाकडून सोडवत जायची. पहिली नोंद क्ष-किरण, उपचार, क्षय, फुप्फुस, वैद्यक. दुसरी उपचारापासून सुरू, तिसरी क्षयापासून, चौथी फुप्फुसापासून. वाचकाच्या तोंडी कोणताही शब्द येऊ दे, तो योग्य कपाटापाशी पोचतो. आणि सूचीकाराला दर वेळी नव्यानं डोकं खाजवावं लागत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीनं १९५० पासून हीच पद्धत उचलली. मद्रासमध्ये बसून केलेलं काम लंडनला कामी आलं, ही काही लहान गोष्ट नाही.

या सगळ्यामागचा विचार त्यांनी पाच नियमांत मांडला. पुस्तक राखून ठेवायला नसतं, वाचायला असतं, हा पहिला. तो सुचायला त्यांचे जुने गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांच्याशी १९२८ मध्ये झालेलं बोलणं कारण ठरलं. बाकीचे चार त्याचेच फाटे. भारतात त्याआधी काहीच नव्हतं असं मात्र नाही. बडोद्याला सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी केली होती. रंगनाथन यांनी या कामाला शास्त्र दिलं आणि मद्रास प्रांतात १९४८ चा ग्रंथालय कायदा होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही.

माणूस कामाला वाघ होता. रोज तेरा-तेरा तास, रजा नाही. पहिली पत्नी रुक्मिणी १९२८ मध्ये अपघातात गेली. पुढच्या वर्षी शारदाबाईंशी लग्न झालं, तर लग्नाच्याच दिवशी दुपारी हे ग्रंथालयात हजर! ही गोष्ट नेहमी कौतुकानं सांगतात. मला मात्र घरी बसलेल्या शारदाबाई दिसतात. नंतर आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदाला नाव दिलं ते शारदाबाईंचं.

मद्रास सोडल्यावर ते १९४५ मध्ये बनारसला गेले. तिथल्या एक लाखाच्या आसपास पुस्तकांचं वर्गीकरण दोन वर्षांत त्यांनी एकट्यानं केलं. मग दिल्ली, काही काळ झुरिक, आणि १९५७ ते १९५९ उज्जैनचं विक्रम विद्यापीठ, आपल्या इंदूरकरांच्या शेजारीच.

त्यांची पद्धत मात्र फार ग्रंथालयांत टिकली नाही. क्रमांक लांबलचक, आणि प्रत्येक आवृत्तीत ते स्वतःच बदल करणार! एकट्या द्विबिंदूच्या जागी पुढे वेगवेगळी चिन्हं आली. हजारो पुस्तकांच्या पाठीवरचे अंक कोण खरडून पुन्हा लिहिणार? ग्रंथपाल ड्यूईंकडेच राहिले, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण पैलूंची कल्पना सुटली नाही. १९५२ मध्ये लंडनला वर्गीकरणाचे अभ्यासक एकत्र आले ते तिच्याच आधारानं. आज ऑनलाइन दुकानात तुम्ही रंग, माप, किंमत असे वेगवेगळे निवडत जाता, तीही तीच रीत.

१९६२ मध्ये त्यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढलं आणि अखेरपर्यंत तिथे शिकवत, लिहीत राहिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी ते गेले. द्विबिंदू वर्गीकरणाची सातवी आवृत्ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये निघाली.