सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि फेफरं
डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळ सोलापूरचे, जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू असतानाच १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यात हे गेले. सोबतचे परतले, कोटणीस तिथंच राहिले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत पोरांना डॉक्टरकी शिकवली. १९४१ मध्ये बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले.

त्यांना फिट यायच्या. आपल्याकडं ज्याला फेफरं म्हणतात, बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात, तोच मेंदूचा आजार. युद्धाच्या मुलखात औषधांची बोंब, तरी काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ ला फिटनेच गेले. वय अवघं ३२, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. सोलापुरात भय्या चौकातल्या त्यांच्या घरी आता स्मारक आहे.